फॉर्टीच्या विमानाला सिक्स्टीचे इंजिन

५ डिसेंबर १९३१. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या वेन काउंटी विमानतळावर लोवेल बेल्स नावाचा वैमानिक ‘जी बी मॉडेल झेड’ हे पिवळे-काळे विमान घेऊन वेगाचा विक्रम मोडायला निघाला. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी ग्रॅनव्हिल बंधूंनी ते बांधले होते. पंखांचा पसारा अवघा सात मीटर आणि थोडा वर. बाकी विमान म्हणजे इंजिनाच्या मागे जोडलेली एक आखूड शेपटी. त्याच वर्षी सप्टेंबरात बेल्सने याच विमानातून क्लीव्हलँडची थॉम्पसन ट्रॉफी शर्यत जिंकली होती. तेव्हा त्याच्या नाकात प्रॅट अँड व्हिटनीचे ५३५ अश्वशक्तीचे ‘वास्प ज्युनियर’ इंजिन होते. विक्रमासाठी ते उतरवले आणि ७५० अश्वशक्तीचे मोठे ‘वास्प’ चढवले. त्या दिवशी जमिनीलगत पूर्ण वेगात धावताना विमानाचा उजवा पंख मुडपला, विमान गरगरत जमिनीवर आदळले आणि बेल्स जागीच ठार झाला. त्या उड्डाणाचे चलच्चित्रण उपलब्ध आहे. ते एकेक चौकट करून पाहणाऱ्यांपैकी अनेकांचे मत असे, की इंधनटाकीचे झाकण उडून समोरची काच फोडून वैमानिकाला लागले, त्या हिसक्याने विमानाचे नाक एकदम उचलले गेले आणि पंखाला तो भार पेलला नाही.

झाकणाचा दोष होता असे म्हणून हा विषय संपवता येतो. पण तोच हिसका कमी वेगात बसला असता तर पंख बहुधा तगला असता. विमान जुनेच होते आणि वेग मात्र नवा होता. रेडिओवर चालणारी मॉडेल विमाने उडवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी असे मला वाटते, कारण आपल्याकडच्या मैदानांवर दर हंगामात हाच प्रश्न लहान आकारात पुन्हा उभा राहतो.

आपला हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पाऊस ओसरतो, ज्वारी-बाजरीची काढणी झालेली रानं मोकळी होतात, सकाळचा वारा पडलेला असतो. गावाबाहेरच्या एखाद्या माळावर गाड्यांच्या डिक्क्या उघडतात आणि पंख जोडले जाऊ लागतात. तिथे वर्षानुवर्षे ऐकू येणारा संवाद साधारण असा:

“काका, या फॉर्टीच्या ट्रेनरला सिक्स्टीवन बसेल का?”

“बसेल की. बसवायला काय, चार बोल्ट. उडवून सुखरूप खाली आणायचंय का, ते सांग.”

ट्रेनर म्हणजे शिकण्यासाठीचे विमान. या आकड्यांची ओळख नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. मॉडेल इंजिनांचा आकार घन इंचाच्या शंभराव्या भागात सांगायची रीत अमेरिकेतून आली. फॉर्टी म्हणजे ०.४० घन इंच, साधारण ६.५ सीसी. फॉर्टीसिक्स म्हणजे ७.५ सीसी, सिक्स्टीवन म्हणजे १० सीसी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनने बनवलेले ‘ब्राउन ज्युनियर’ हे पेट्रोलवर चालणारे पहिले यशस्वी छोटे इंजिनही याच १० सीसीच्या घरातले. त्याला ठिणगीसाठी कॉइल आणि बॅटरी लागे, आणि ते ओझे विमानालाच वाहावे लागे. १९४७मध्ये रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. त्यातली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या वाफेत स्वतःच तापलेली राहते, त्यामुळे कॉइलही गेली आणि बॅटरीही गेली. त्याच आकाराचे इंजिन कितीतरी हलके झाले. मॉडेल विमानांच्या इतिहासात इंजिन मोठे करण्यापेक्षा इंजिनाभोवतीचे वजन कमी करून झालेला फायदा मोठा आहे, आणि याचा विसर पडू नये.

मोठे इंजिन हवेसे का वाटते, याला आपल्याकडे एक खरे कारण आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. एप्रिलमध्ये चाळीस अंश तापमानाला इथल्या हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरते. इंजिन हवाच पीत असते. हवा विरळ झाली की शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. म्हणजे जपानी किंवा अमेरिकी माहितीपत्रकातले चाळीसचे इंजिन दख्खनच्या उन्हाळ्यात चौतिसाएवढेच काम करते. पाचगणीसारख्या तेराशे मीटर उंचीच्या पठारावर थंड हवेतही हाच अनुभव येतो. पंखालाही तीच विरळ हवा मिळते, म्हणून धाव लांबते आणि माळाचे टोक आधीच्या अंदाजापेक्षा लवकर येते. “विमान उचलत नाही” ही तक्रार म्हणूनच अनेकदा रास्त असते.

तरीही नवे इंजिन घेण्याआधी जुन्याची नाडी तपासली पाहिजे. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. कोकणात पावसाळाभर अर्धवट उघड्या कॅनमध्ये राहिलेले इंधन दिवाळीत शक्ती देत नाही, आणि दोष इंजिनाला लागतो. प्लग जुना, मफलर काजळीने भरलेला, निडल चुकीच्या जागी, प्रोपेलर म्हणजे प्रॉप चुकीचा: यांतले एक जरी सुधारले तरी अनेकांचे मोठ्या इंजिनाचे वेड उतरते. हे सारे करूनही विमान उठत नसेल तर मग पुढचा विचार.

त्या विचारात पहिली फसगत सीसीच्या आकड्याने होते. ओसाकाच्या ओ. एस. कंपनीची दोन इंजिने घ्या. ही कंपनी शिगेओ ओगावा यांनी १९३६मध्ये सुरू केली, आणि आपल्याकडच्या जुन्या मंडळींच्या पेटीत तिचे एखादे तरी इंजिन सापडते. ४० एलए हे साध्या बुशचे, नवशिक्यांसाठीचे इंजिन. कंपनीच्या आकड्यांनुसार सुमारे १ अश्वशक्ती. ४६ एएक्स हे बॉल बेअरिंगचे, सुमारे १.६५ अश्वशक्ती. आकारात वाढ १५ टक्क्यांची, शक्तीत ६५ टक्क्यांची. वजनात मफलर सोडून शंभर ग्रॅमच्या आसपास फरक. म्हणजे एकाच खणात शेजारी ठेवलेली, सारख्याच आकाराची वाटणारी दोन इंजिने विमानाला दोन वेगळ्या जगांत नेतात. हे दोन्ही आकडे मिनिटाला १६,००० फेऱ्यांना मोजलेले आहेत. ट्रेनरला साजेसा प्रॉप लावला की इंजिन तिथवर जात नाही. ते ११-१२ हजारांवर फिरते. तेव्हा तुलना करायची ती आपल्या प्रॉपवर, आपल्या मैदानात, टॅकोमीटर हातात धरून.

आता शक्तीचे काय होते ते पाहू. सपाट उड्डाणात लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. शक्ती दुप्पट केली तर वेग फक्त २६ टक्क्यांनी वाढतो. वर सांगितलेल्या ६५ टक्के जादा शक्तीने वेग १८ टक्के वाढेल. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १८ टक्के जादा वेगाला शेपटीवर, एलेरॉनवर आणि पंखाच्या प्रत्येक सांध्यावर ३९ टक्के जादा भार येतो. कमावले थोडे आणि देणे झाले भरपूर.

पंखाचा हिशेब तर याहून सरळ आहे. विमान ज्या वेगाला कोसळते, म्हणजे स्टॉल होते, त्या वेगाच्या तिप्पट वेगात जात असताना एलेव्हेटर झटक्यात पूर्ण ओढला तर पंख वजनाच्या नऊपट भार निर्माण करू शकतो. समजा आपले ट्रेनर ताशी ३० किलोमीटरला स्टॉल होते आणि वजन २.८ किलो आहे. ताशी ९० किलोमीटरला तो भार २५ किलोपर्यंत जातो, आणि १०५ किलोमीटरला ३४ किलोपर्यंत. बाल्साच्या पट्ट्या आणि मधल्या जोडाची प्लाय एवढ्यावर तो तोलायचा. अनेक ट्रेनरचे पंख रबर बँडांनी बांधलेले असतात. तिथे बँड ताणले जाऊन पंख क्षणभर उचललाही जातो. ट्रेनरच्या रचनाकाराने फॉर्टी किंवा फॉर्टीसिक्स लिहिले तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हा सगळा हिशेब होता. आराखड्यावरची इंजिनाची मर्यादा म्हणजे पंखाची, सांध्याची आणि बिजागरीची मर्यादा, आणि ती तशीच वाचावी.

मग मोठे इंजिन बसवूच नये का? बसवावे, पण त्याची जादा शक्ती वेगात जाऊ देऊ नये. माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे, आणि ते प्रॉपमध्ये आहे.

प्रॉपवर दोन आकडे असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेरीत प्रॉप तत्त्वतः किती पुढे सरकेल ते अंतर. ११ × ६चा प्रॉप १२,००० फेऱ्यांनी फिरला तर पिच-वेग ताशी ११० किलोमीटर येतो. १३ × ४चा प्रॉप ११,५०० फेऱ्यांनी फिरला तर तो ७० वर येतो. मोठ्या व्यासाला ताकद जास्त लागते, कारण प्रॉप खातो ती शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. सारख्याच फेऱ्यांना १३ × ४ हा ११ × ६पेक्षा सुमारे ३० टक्के जादा शक्ती मागतो. फॉर्टी इथे धापा टाकते. सिक्स्टीवन मात्र हा प्रॉप आरामात ओढते. विमान कमी धावेत उठते, खड्या चढाला लागते, गवतातून निघते, पण वेग फारसा वाढत नाही. उतरताना नाक खाली असले तरी मोठा, उथळ पिचचा प्रॉप ब्रेकसारखा काम करतो. सगळे हवे ते मिळते आणि पंखावर नको तो भार येत नाही. मोठे इंजिन आणि जास्त पिच ही जोडी मात्र ट्रेनरवर कधीही लावू नये. माझा सगळ्यात ठाम आग्रह हाच आहे.

प्रॉप मोठा झाला की त्याची पाती जमिनीच्या जवळ येतात. व्यास ११ वरून १३ झाला म्हणजे जमिनीपासूनचे अंतर एक इंचाने कमी झाले. ज्वारीच्या सडांच्या रानात हा इंच महागात पडतो. चाके मोठी करा किंवा लँडिंग गियरची तार उंच वळवा. प्रॉपवर कंपनीने दिलेली जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा वाचा. बारा इंची प्रॉपचे टोक १२,००० फेऱ्यांना सेकंदाला १९० मीटरच्या वेगाने फिरत असते. चिरलेला प्रॉप चिकटवून वापरणाऱ्या माणसाशेजारी उभे राहू नये, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

आता नाकाकडे वळू. इथे काम हातांचे आहे, आणि मला या कामाचा मनापासून लळा आहे. हिशेबासाठी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सिग कंपनीचे कॅडेट एलटी-४० डोळ्यांसमोर ठेवू. पंखांचा पसारा ७० इंच, क्षेत्रफळ ९०० चौरस इंच, वजन सव्वादोन ते अडीच किलो, शिफारस फॉर्टी ते फॉर्टीसिक्सची. जगभर हजारो लोक यावर उडवायला शिकले. आता यावर कोणी सिक्स्टीवन चढवले असे धरू. मफलरसह फॉर्टीसिक्सपेक्षा ते सुमारे २०० ग्रॅमने जड. इंजिन गुरुत्वमध्याच्या पुढे ३३ सेंटिमीटरवर आहे असे मानले तर नाकाकडे ६,६०० ग्रॅम-सेंटिमीटरचा झुकाव आला. तो फेडायला शेपटीत, ८५ सेंटिमीटर मागे, सुमारे ७८ ग्रॅम शिसे लागेल. म्हणजे २०० ग्रॅमच्या इंजिनाने वजन पावणेतीनशेने वाढवले. त्यात मोठी टाकी, जाड फायरवॉल, मोठी चाके मिळवा. २.४ किलोचे विमान बघता बघता २.८ वर जाते.

शिसे लावण्याआधी बॅटरी मागे सरकवा. रिसीव्हरची बॅटरी साधारण शंभर ग्रॅमची असते. ती विमानाच्या पोटातून मागे नेली तर वजन न वाढवता बराचसा झुकाव फिटतो. एलेव्हेटर आणि रडरचे सर्वो शेपटीजवळ बसवणे हा त्याच्याही पुढचा उपाय. शेपटीला अडकवलेले शिसे हा शेवटचा मार्ग, कारण शेपटीतले वजन विमानाला वळण्यातून बाहेर यायलाही जड करते. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, तपासायचा तो टाकी रिकामी ठेवून. ट्रेनरमध्ये टाकी सीजीच्या पुढे असते. उड्डाणभर इंधन संपत जाते तसे नाक हलके होते, आणि उतरण्याच्या वेळी विमान आपण भरल्या टाकीने मापले होते त्यापेक्षा शेपटीजड असते. ट्रेनरला सीजी पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात हवा. नेमकी जागा आराखड्यावर असते, तिच्याशी वाद घालू नये.

फायरवॉल म्हणजे इंजिनामागची प्लायची भिंत. नवे इंजिन बसवताना जुनी भिंत नुसती पाहून भागत नाही. अंगठ्याने दाबा, कोपऱ्यात टोचा. वर्षानुवर्षे तेल मुरून ती आतून भुसभुशीत झालेली असते आणि वरून चकचकीत दिसते. शंका आली की काढा. चांगली बर्च प्लाय घ्या, चारही कोपऱ्यांत आतून त्रिकोणी पट्ट्या लावा, बाजूच्या भिंतींतून आरपार बांबूच्या बारीक खुंट्या एपॉक्सीने ठोका. खुंट्या असल्या की सांधा फक्त डिंकाच्या भरवशावर राहत नाही. मागून ब्लाइंड नट, पुढून बोल्ट, बोल्टांना थ्रेडलॉकर. सगळ्या उघड्या लाकडावर एपॉक्सीचा पातळ हात, म्हणजे तेल पुन्हा शिरणार नाही. या कामाला दोन संध्याकाळी जातात आणि त्या पुरेपूर वसूल होतात. उडत्या विमानातून इंजिन निसटले तर नाकातले वजन एका क्षणात जाते. मागे राहिलेले विमान मग कोणाचेच ऐकत नाही.

इंजिनाचा कल हा या कामाचा अवघड भाग. जवळपास सगळी ट्रेनर दोन-तीन अंश उजवीकडे आणि थोडी खाली तोंड करून इंजिन धरतात. प्रॉपच्या मागचा भोवरा आणि इंजिनाचा उलट पिळ विमानाला डावीकडे ओढतो, आणि सपाट तळाचा पंख वेग वाढला की नाक वर करतो. शक्ती वाढली की दोन्ही गोष्टी वाढतात. थ्रॉटल उघडले की विमान शिडी चढल्यासारखे वर जाऊ लागते. उडवणारा ट्रिमने नाक खाली दाबतो. मग थ्रॉटल मिटले की तेच विमान डोके खाली करते. हा दोष ट्रिमने झाकू नये. इंजिन माउंटखाली वॉशर घालून कल खाली वाढवा, एकावेळी थोडा, आणि प्रत्येक बदलानंतर उडवून पाहा. उड्डाणात पूर्ण थ्रॉटल आणि अर्धे थ्रॉटल यांत विमानाची दिशा बदलली नाही म्हणजे कल जमला.

टाकीच्या बाबतीत एकच सांगतो. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या स्प्रे बारच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. मोठ्या इंजिनासाठी मोठी टाकी जागेत बसत नाही म्हणून वर ठेवली, तर भरल्या टाकीला इंजिन पुराने गुदमरते आणि रिकामी होत आली की तहानेने तापते.

हेच काम मोठ्या विमानावर किती नीट करता येते हे पाहायचे असेल तर स्पिटफायरकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात सुपरमरीन कंपनीने त्यातले २७ लिटरचे मर्लिन काढून जवळपास ३७ लिटरचे ग्रिफन बसवले. मुख्य रचनाकार जोसेफ स्मिथ यांच्या चमूने नुसते इंजिन बदलले नाही. इंजिनाचा पाळणा नवा केला, नाक लांबले, सांगाडा बळकट केला, मार्क १४ला पाच पात्यांचा प्रॉप दिला आणि लांब, जड नाकाला आवर घालायला शेपटीचा उभा पंख व रडर मोठे केले. ग्रिफन उलट दिशेने फिरे, त्यामुळे उड्डाणाच्या धावेत विमान आधीच्या विरुद्ध बाजूला ओढले जाई आणि वैमानिकांना पायांची सवय नव्याने लावावी लागली. हेच मार्क १४ पुढे भारतीय हवाई दलाच्या स्क्वाड्रनांनीही उडवले. ग्रॅनव्हिल बंधूंच्या झेडमध्ये आणि स्मिथच्या स्पिटफायरमध्ये फरक इंजिनाचा नव्हता. इंजिनामागच्या विमानाला किती वेळ दिला याचा होता.

माझ्या दृष्टीने सर्वांत धोक्याची गोष्ट फ्लटर. वेगाच्या एका मर्यादेपलीकडे एलेरॉन किंवा एलेव्हेटर वाऱ्यात फडफडू लागतो. हवा त्याला ढकलते, तो स्प्रिंगसारखा मागे येतो, हवा पुन्हा ढकलते, आणि एका सेकंदाच्या आत बिजागऱ्या उपटल्या जातात. जमिनीवरून भर्र असा आवाज येतो. तो आवाज आला की लगेच थ्रॉटल मिटा आणि नाक हळूच वर घ्या, मग विमान उतरवा आणि त्या दिवशी पुन्हा उडवू नका. सर्वोचे दात तपासा, कारण ते झिजलेले असतात. फ्लटर टाळायचा असेल तर बिजागरीतली फट टेपने बंद करा, पुशरॉड डगमगत असतील तर जाड करा, क्लेव्हिस आणि सर्वोआर्ममधला ढिलेपणा शून्यावर आणा. एलेरॉन किंवा एलेव्हेटर हातात धरून हलवला आणि सर्वो न हलता तो हलला, तर मोठे इंजिन पेटीत परत जाऊ द्या. सर्वोची ताकदही पाहा: जुन्या साध्या सर्वोंची ताकद ३ किलो-सेंटिमीटरच्या आसपास. १८ टक्के जादा वेगाला ३९ टक्के भार वाढतो हे वर पाहिलेच.

मोठ्या सिलिंडरचे हादरेही मोठे. रिसीव्हर आणि बॅटरी स्पंजमध्ये गुंडाळा, कनेक्टर बांधून टाका, आणि रेंजची चाचणी इंजिन चालू ठेवून घ्या. बंद इंजिनावर पास होणारा रेडिओ चालू इंजिनावर नापास होतो असे अनेकदा घडते. फेलसेफ असा लावा की संपर्क तुटताच थ्रॉटल मिटेल.

नवे इंजिन पहिल्या दिवशीच पूर्ण उघडू नये. जमिनीवर निडल उघडी ठेवून, तेलकट मिश्रणावर टाक्या जाळा. इंधनात एरंडेल असू द्या. मिश्रण चुकून रोडावले आणि इंजिन तापले तरी एरंडेल धातूवर टिकते, आणि जगात सर्वाधिक एरंडेल आपल्याच देशात निघते. मिथेनॉल मात्र विष आहे. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. मुलांच्या हाती त्याची बाटली कधीही देऊ नये आणि ती पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. पहिले उड्डाण अर्ध्या थ्रॉटलवर करा. उंचीवर जाऊन एकदा स्टॉल करून पाहा, म्हणजे जादा वजनाने उतरण्याचा वेग किती वाढला ते कळेल. वजन २.४ वरून २.८ झाले की स्टॉलचा वेग सुमारे ८ टक्के वाढतो, आणि इंजिन हवेत बंद पडले तर त्याच वेगाने खाली यायचे असते. उतरल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा. विमानाचे तोंड खाली असताना पूर्ण थ्रॉटल कधीच देऊ नका.

विजेवर चालणाऱ्या विमानांनाही हा सगळा हिशेब लागू आहे. तीन सेलऐवजी चार सेलची बॅटरी लावली की व्होल्टेज ३३ टक्के वाढते. त्याच प्रॉपवर फेऱ्या त्या प्रमाणात वाढल्या तर मागणी जवळपास २.४ पट होते. स्पीड कंट्रोलर धूर सोडतो किंवा लिथियम बॅटरी फुगते. प्रॉप लहान केल्याशिवाय सेल वाढवू नका.

या विषयाला माणसांची बाजू आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. २.४ किलोचे विमान ताशी ८० किलोमीटरला सुमारे ६०० जूल ऊर्जा घेऊन जाते. २.८ किलोचे विमान १०५ किलोमीटरला सुमारे १,२०० जूल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० जूल असतात. म्हणजे दहा वेगवान चेंडू एकाच वेळी, आणि पुढे फिरता प्रॉप. आपल्या माळांवर गुरे असतात, गुराखी मुले असतात, विमान पाहायला धावत येणारी गावातली माणसे असतात. त्यांना दूर, उडवणाऱ्याच्या पाठीमागे उभे करणे ही उडवणाऱ्याची जबाबदारी. गर्दीच्या डोक्यावरून विमान नेणे हा गुन्हाच समजावा.

कायदाही वजनाशी बांधलेला आहे. ड्रोन नियम, २०२१नुसार २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचे विमान सूक्ष्म वर्गात आणि २ ते २५ किलोचे लघु वर्गात येते. शिक्षण, संशोधन, आराखड्याची चाचणी किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांची व्याख्या त्यात वेगळी केली आहे. पण बिगरव्यावसायिक सूक्ष्म वर्गाला वैमानिक प्रमाणपत्रातून मिळणारी सूट लघु वर्गाला आपोआप मिळत नाही. १.९ किलोच्या छोट्या ट्रेनरवर दीडशे ग्रॅम जड इंजिन चढले की विमानाचा कायदेशीर वर्ग बदलतो, हे इंजिन बसवणाऱ्याच्या मनातही येत नाही. विमान उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर आपला माळ हरित क्षेत्रात आहे का ते पाहा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हरित क्षेत्राची मर्यादा ६० मीटर आहे, इतरत्र १२० मीटर. मोठ्या इंजिनाचे विमान ही उंची काही सेकंदांत ओलांडते.

या दिवाळीनंतर मैदानावर जाणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच. इंजिनाला हात लावण्याआधी विमान काट्यावर ठेवा, टाकी रिकामी ठेवून सीजी मोजा आणि आकडे वहीत लिहा. फायरवॉल, बिजागऱ्या, सर्वो आणि पंखाचा जोड यांतले काहीही नापास झाले तर आधी ते दुरुस्त करा. मोठे इंजिन बसवायचेच ठरले तर त्याच्यासोबत मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा प्रॉप घ्या. शिफारशीपेक्षा एक पायरी वर, म्हणजे फॉर्टीच्या जागी फॉर्टीसिक्स, हे चांगल्या अवस्थेतल्या ट्रेनरला झेपते. प्रॉपने वेग आवरता आला तरी वाढलेल्या वजनापायी फॉर्टीच्या ट्रेनरवर सिक्स्टीवन बसवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ते इंजिन हाताशी असेल तर सिक्स्टीच्या विमानाचा आराखडा मिळवा आणि याच हंगामात बांधायला घ्या.